आल्टो एकट्यानं

लॅपटॉपच्या पडद्यावर पहिली लाल रेघ उमटली तेव्हा मी माझ्याच प्रोग्रॅमला मनातल्या मनात शिवी घातली. मोठ्यानं घालायची सोय नव्हती, कारण आम्ही चर्चमध्ये होतो आणि शेजारी इनास मास्तर बसले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचा सण होता. वसईकडच्या आमच्या गावात सण म्हणजे घराघरात पाहुणे आणि गायकवृंदाची पाचावर धारण. चर्चच्या मागच्या अंगाला लाकडी माडी आहे, अरुंद वळणाच्या जिन्यानं वर जावं लागतं. तिथं शेवटची तालीम चालली होती. मास्तर कीबोर्डवर, त्यांच्या उजवीकडे स्टुलावर मांडीवर लॅपटॉप घेऊन मी, आणि मागे सगळे गाणारे. खाली बायका वेदीला सोनचाफ्याच्या माळा बांधत होत्या, त्याचा वास वरपर्यंत येत होता.

नुकतीच बाराची घंटा झाली होती. ही घंटा झाली की हातातलं काम टाकून उभं राहायचं आणि देवदूताची प्रार्थना म्हणायची, अशी आमच्याकडची रीत. त्या दिवशी मास्तर कीबोर्डला टेकून उभे राहिले. मला वाटलं, वय झालं. प्रार्थना संपली, ते बसले, पुन्हा वाजवायला लागले, आणि ती लाल रेघ आली.

“सेवेरिना, तोंड का वाकडं केलंस?” मास्तरांनी वाजवता वाजवताच विचारलं.

“काही नाही, मास्तर.”

“काही नाही तर तोंड सरळ कर.”

मागे मार्थाबाय फिस्सकन हसली. ती आल्टो गाणाऱ्यांची पुढारी. मी मास्तरांकडून बोलणी खाल्ली की तिला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त इनास मास्तरांना भ्यायचे. ते आमच्या शाळेत मराठी शिकवत आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. घरी आम्ही सगळे आमची कादोडी बोलणारे, पण मास्तरांसमोर उभं राहिलं की जीभ आपोआप शाळेतल्या मराठीवर यायची. तिसरीत असताना त्यांनी मला पेटीसमोर बसवलं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. मी इंजिनियर झाले, कंपनीत लागले, तरी त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला की मी पाठ ताठ करून बसायचे.

तरीही तो प्रोग्रॅम मी त्यांच्याच वेडापायी लिहिला होता. तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमध्ये चार आवाजांचं संगीत रचत. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. प्रत्येकाची चाल वेगळी, आणि चारी एकत्र गायले तरी एकमेकांना शोभणारी. मास्तर त्यावर जीव टाकायचे. मी कॉम्प्युटरला त्याचे नियम शिकवले आणि फुशारकीनं पहिली रचना त्यांना ऐकवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

“हे चार जण नाहीत,” ते म्हणाले. “एकच माणूस चार टोप्या बदलतोय.”

त्यांचं खरं होतं. माझा प्रोग्रॅम दर ठोक्याला चार सूर घ्यायचा आणि सगळ्यात वरचा सोप्रानोला, त्याच्या खालचा आल्टोला, असे वाटून टाकायचा. पण आवाज असे रांगेत चालत नाहीत. कधी आल्टो चढत चढत सोप्रानोला ओलांडून वर जातो आणि पुन्हा खाली येतो. तसं झालं की माझा कॉम्प्युटर एकाची चाल दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. मास्तरांनी मला दर रविवारी दुपारी बसवून एकेक आवाज एकट्यानं गायला लावला. “चौघांत मिसळून गेलं की सगळंच गोड लागतं,” ते म्हणायचे. “आवाज जिवंत आहे की नाही ते तो एकटा गायला की कळतं.” मग मी प्रत्येक आवाजाला त्याची स्वतःची आठवण दिली. तू कुठून आलास, कुठे निघालास, हे लक्षात ठेव, आणि वाटेत कोणी ओलांडून गेलं तरी आपली वाट सोडू नकोस.

आणि मास्तरांचा एक नियम तर दहा आज्ञांच्या वरचा. दोन आवाज सा आणि प च्या अंतरावर आले, तर पुढच्या पावलाला त्यांनी तेच अंतर ठेवून जोडीनं सरकायचं नाही. सरकले की ऐकणाऱ्याला ते दोन आवाज राहत नाहीत, एकाची सावली दुसरा होतो. “सावली झाली की तो आवाज मेला,” मास्तर म्हणायचे. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये सोय केली होती. असं कुठं झालं की पडद्यावर लाल रेघ.

सणाला एक नवी गंमत करायची होती. मास्तर दोन हातांनी दोन आवाज वाजवणार, उजव्यानं सोप्रानो, डाव्यानं आल्टो. ते ऐकत ऐकत कॉम्प्युटर खालचे दोन आवाज तिथल्या तिथं रचणार. एका हातात दोन आवाज घेणं मास्तरांना पाप वाटायचं.

दुसरी लाल रेघ आली. मग तिसरी.

माझं धाबं दणाणलं. उद्या भर मिस्सेत, सणाच्या उपासनेत, बिशपांसमोर असं झालं तर? मी घाईघाईनं रेघांवर बोट ठेवून बघितलं. चूक कॉम्प्युटरच्या टेनर-बासमध्ये नव्हती. रेघा सोप्रानो आणि आल्टोच्या मध्ये होत्या, म्हणजे मास्तरांच्या दोन हातांमध्ये.

हे शक्यच नव्हतं. फादरांनी मिस्सेत चुकून मंगलाष्टकं म्हटली असती तर त्यावर मी आधी विश्वास ठेवला असता.

“आज किती गोड वाजतंय हो, मास्तर,” मार्थाबाय म्हणाली. “एकदम भरल्यासारखं.”

“उद्या असंच वाजवा,” टेनरमधला पास्कोल मागून म्हणाला. पास्कोल फुलांचा टेम्पो चालवायचा, त्याचे खांदे दाराएवढे रुंद.

मी डोळे मिटले आणि फक्त ऐकलं. मार्थाबायचं चूक नव्हतं, गोड वाजत होतं. पण डावा हात उजव्याच्या मागून चालला होता. उजवा वर गेला की हा वर, उजवा खाली आला की हा खाली, आईचा पदर धरून चालणाऱ्या पोरासारखा. ज्या माणसानं मला या एका गोष्टीसाठी कितीदा रडवलं होतं, त्याचा हात तेच करत होता आणि त्याला ते ऐकू येत नव्हतं.

डोळे उघडून मी त्यांच्याकडे नीट बघितलं. चेहरा नेहमीसारखाच, चष्मा जागेवर. खाली नजर गेली. डाव्या पायातली चप्पल निघून पालथी पडली होती आणि पाय नुसताच फळीवर टेकला होता. मास्तर चपलेच्या बाबतीत फार काटेकोर.

“मास्तर, जरा थांबता का?”

वाजवणं थांबलं. मास्तरांना मधेच थांबवण्याची हिंमत आजवर कोणी केली नव्हती.

“काय झालं?”

“रेघा येतायत. लाल.”

“मग तुझं यंत्र बिघडलंय.”

“यंत्र ठीक आहे, मास्तर. आल्टो... आल्टो सोप्रानोच्या मागे जातोय.”

चष्मा नाकावरून खाली आला. “मला शिकवतेस?”

बोलणं अगदी स्वच्छ, एकेक अक्षर घासून पुसून. जो माणूस असा बोलतो त्याला काय झालेलं असणार? मला वाटलं गप्प बसावं, प्रोग्रॅम बंद करावा, घरी जावं. पण ती पालथी चप्पल मला दिसत होती.

“मास्तर,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला, “आल्टो एकट्यानं वाजवून दाखवता?”

हे वाक्य मास्तरांचं होतं. ते आम्हाला म्हणायचे. त्यांना ते कोणी म्हणायचं नसतं.

मास्तर हसले, म्हणजे अर्ध्या तोंडानं हसले, आणि ते अर्धं हसू बघून मी रडायच्या बेतात आले.

“ऐक,” ते म्हणाले.

त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला. डावा हात पट्ट्यांवर होता. ते मान हलवू लागले, आल्टोच्या चालीवर, जिथं थांबायचं तिथं थांबत, जिथं चढायचं तिथं भुवया उंचावत. डावा हात पट्ट्यांवर नुसता पडलेला. एक बोटही हलत नव्हतं. माडीवर एक सूर वाजला नाही. खाली कोणीतरी माळेचा दोरा दातानं तोडला, तो आवाज मला ऐकू आला.

मास्तरांनी चाल पूर्ण केली, मान खाली घेतली आणि माझ्याकडे वळले.

“ऐकलंस?” ते म्हणाले. “कुठं चुकला?”

मार्थाबायनं तोंडावर हात धरला होता.

“पास्कोल,” मी ओरडले, “टेम्पो काढ!”

पुढचं सगळं ओढाताणीत झालं. मास्तर उठायलाच तयार नव्हते. “मला काय झालंय? उद्या सण आहे. तालीम अर्धी टाकून कुठं?” उठायला गेले आणि डावा पाय मुडपला. पास्कोलनं त्यांना पाठीवर घेतलं. त्या वळणाच्या जिन्यात दोन माणसं शेजारी मावत नाहीत. मी पुढे उलटी उतरत होते, हात वर करून, ते पडले तर झेलायला, जसं काही मला झेलता येणार होतं. लॅपटॉप माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. तो का घेतला ते मला आजही सांगता येणार नाही.

टेम्पोत मागे फुलांच्या रिकाम्या टोपल्या होत्या. त्यांच्यामध्ये मास्तरांना आडवं केलं. मार्थाबायनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, मी पायाशी बसले. टेम्पो वळणांवरून धावत होता. मास्तर वर ताडपत्रीकडे बघत होते.

“मार्था,” ते चिडून म्हणाले, “तुझा हात काढ माझ्या पोटावरून. जड लागतोय.”

मार्थाबायचे दोन्ही हात त्यांच्या डोक्याखाली होते. पोटावर त्यांचा स्वतःचाच डावा हात पडला होता.

ती माझ्याकडे बघून ओठ चावत म्हणाली, “काढते हं, मास्तर.” आणि त्यांचा हात उचलून हळूच बाजूला ठेवला. मग ती आमच्या बोलीत देवाला काय काय म्हणाली ते मी इथं लिहीत नाही.

हॉस्पिटलात त्यांना लगेच आत घेतलं. डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर माझ्याच वयाची एक बाई होती, बोलायला तुटक. तोवर कातरिनकाकी, मास्तरांची बायको, रिक्षा करून पोचली होती. सणाच्या वड्यांचं पीठ तिच्या कोपरापर्यंत लागलेलं.

“मेंदूत गुठळी अडकली आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण त्रास सुरू झाल्यापासून काही तासांच्या आत दिलं तरच. उशीर झालेला असेल तर त्याच इंजेक्शननं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मला सांगा, कधी सुरू झालं?”

“बाराच्या घंटेला,” मी म्हटलं.

“सकाळी,” त्याच वेळी काकी म्हणाली.

डॉक्टरांनी दोघींकडे बघितलं.

“सकाळी उठले तेव्हा म्हणाले, डाव्या हाताला मुंग्या आल्यात,” काकी रडत सांगायला लागली. “मी म्हटलं, हातावर झोपला असाल. मला काय ठाऊक, डॉक्टर!”

“म्हणजे झोपेतच सुरू झालं असेल,” डॉक्टर म्हणाल्या. “तसं असेल तर किती वेळ गेला ते कळायला मार्ग नाही. मग मी इंजेक्शन देऊ शकत नाही.”

“पण सकाळी ते नीट वाजवत होते! बारापर्यंत!”

“तुम्हाला नीट वाटलं असेल. घरच्यांना वाटतंच.”

“मला वाटलं नाही, मी ऐकलंय. माझ्याकडे आहे ते.” मी लॅपटॉप तिथल्याच बाकावर उघडला. सगळी तालीम प्रोग्रॅमनं टिपून ठेवलेली होती, घंटेच्या आधीची आणि नंतरची. मी आधीची लावली, मग नंतरची.

डॉक्टरांनी मान तिरकी करून ऐकलं. “मला दोन्ही सारखंच वाटतंय. उलट दुसरं जास्त चांगलं.”

मार्थाबायलाही तसंच वाटलं होतं. चौघांत मिसळून गेलं की सगळंच गोड लागतं. मग मी बाकीचे तीन आवाज बंद केले आणि घंटेच्या आधीचा आल्टो एकटा लावला.

त्या बाकावर, औषधांच्या वासात, मास्तरांचा डावा हात धावायला लागला. चढला, अडला, वळला, त्यानं उड्या मारल्या.

“हा डावाच हात आहे कशावरून?” डॉक्टरांनी विचारलं. “कॉम्प्युटरला हात दिसतात?”

“नाही. कॉम्प्युटरला फक्त सूर कळतात. पण कुठला सूर कुठल्या आवाजाचा ते तो वेगळं करतो. आल्टो डाव्या हाताचा.”

“आणि वेगळं करताना तो चुकत नाही?”

तेव्हा मला खरी भीती वाटली. त्या दिवशीची बाकीची सगळी भीती त्यापुढे काहीच नव्हती. कारण तो चुकायचा. वर्षभरापूर्वी हाच प्रोग्रॅम, दोन आवाज एकमेकांना ओलांडून गेले की एकाचे सूर दुसऱ्याला देऊन टाकायचा. आता तसं झालं असेल तर मी डॉक्टरांना धडधाकट उजवा हात ऐकवत होते आणि तो डावा म्हणून सांगत होते. त्याच्या भरवशावर त्या इंजेक्शन देतील आणि मास्तर मरतील. मी लिहिलेल्या चार ओळींनी.

“सेवी,” काकीनं माझं मनगट धरलं. पीठ माझ्या बाहीला लागलं. “तुला खात्री आहे का गं?”

“थांबा,” मी म्हटलं.

रचनेत एक जागा होती, जिथं आल्टो सोप्रानोला ओलांडून वर जातो. मी तिथंच गेले आणि कान लावला. बटण दोनदा चुकलं. आल्टो चढला, सोप्रानोच्या सुराला भिडला, त्याच्या वर गेला. इथं चूक झाली असती तर चाल तुटली असती, दुसऱ्याची चाल मध्येच येऊन चिकटली असती. ती तुटली नाही. वर जाऊन तिनं मास्तरांची ती लाडकी गिरकी घेतली, जी ते फक्त डाव्या हातानं घेतात, शेवटचा सूर किंचित उशिरा सोडून, आणि मग सावकाश आपल्या घरी खाली उतरली. मी पन्नास वेळा कान पिळून घेऊन ही जागा शिकले होते.

“नाही चुकलेला,” मी म्हटलं. “हा डावाच हात आहे. आता घंटेनंतरचा ऐका, तोच हात.”

लावला. पहिल्या ओळीत तो उजव्याच्या मागून फरफटत होता. दुसऱ्या ओळीत सूर गळायला लागले. मग मी एकट्यानं वाजवायला सांगितलं ती जागा आली आणि लॅपटॉपमधून काहीच आलं नाही. डॉक्टर ती शांतता शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या.

“पुन्हा लावा,” त्या म्हणाल्या. “आधीचा.”

मी लावला. या वेळी त्या स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटांकडे बघत ऐकत होत्या.

“असा हात झोपेत झटका आलेल्या माणसाचा नसतो,” त्या शेवटी म्हणाल्या, आणि वळून आत ओरडल्या, “सिस्टर, इंजेक्शन तयार करा.” मग काकीला धोका समजावून सांगितला. काकीनं पिठाच्या हातानं सही केली.

सणाच्या दिवशी सकाळी मी मिस्सेला गेले नाही, हॉस्पिटलात गेले. रक्तस्राव झाला नव्हता, जीव वाचला होता. हाताचं मात्र काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. परत येईल, न येईल, निदान लगेच आशा धरू नका.

मास्तर उशीला टेकून बसले होते. चष्मा नव्हता, त्यामुळे वेगळेच दिसत होते, कोणाचेही आजोबा वाटावेत तसे. मी बाजूला बसले आणि त्यांचा डावा हात माझ्या तळहातावर घेतला. ऊन नसलेल्या जागी ठेवलेल्या भांड्यासारखा गार होता.

“सेवेरिना,” ते म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण अक्षरं अजून घासलेलीच. “काल मी आल्टो वाजवला, तो तू ऐकलास?”

काकी मला डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण म्हणून. पण न ऐकलेला सूर ऐकला म्हणायचा नाही, हे मला याच माणसानं तिसरीत शिकवलं होतं.

“नाही, मास्तर,” मी म्हटलं. “वाजलाच नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हे माझ्याशी कधी बोलणार नाहीत.

“सोप्रानो म्हण,” ते डोळे न उघडता म्हणाले.

मी हळू आवाजात म्हणायला लागले. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मान वळवली. पहिली ओळ संपली, हात तसाच पडलेला. दुसऱ्या ओळीत, मी नवा सूर घेतला त्याच क्षणी, तळहातावर काहीतरी किंचित दाबल्यासारखं झालं. पुढच्या सुराला पुन्हा. तो माझ्या मागून येत होता, कालच्यासारखाच, सावलीसारखा. तरी मी म्हणत राहिले, थांबायची भीती वाटत होती म्हणून.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी सोप्रानोला एक लांब सूर आहे. तिथं सोप्रानोनं काही करायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. मी तो सूर धरला. श्वास संपत आला, छाती दुखायला लागली, काकी काहीतरी बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं.

माझ्या तळहातावर एक बोट हललं. मग त्याच्या शेजारचं. मग थोडं थांबून, किंचित उशिरा, पुन्हा पहिलं.

मी सूर सोडला नाही. मी त्या सुरावर थांबले होते, आणि तो एकटा चालला होता.